वेग वाढला की उजवीकडे खेचणारा रोबो: लाइट सेन्सरच्या वायरिंगचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

सोलापुरातल्या एका मराठी माध्यमाच्या शाळेत मी विज्ञान शिकवते. शाळेच्या टिंकरिंग लॅबची किल्लीही माझ्याकडेच असते. नीती आयोगाच्या अटल इनोव्हेशन मिशनमधून सहावी ते बारावीच्या मुलांसाठी या लॅब २०१६ पासून सुरू झाल्या, आणि त्यामुळे अर्डुइनो (प्रोग्राम घालून चालवायचा छोटा बोर्ड), सेन्सर, मोटारी हे शब्द आमच्याकडच्या यंत्रमाग कामगारांच्या मुलांच्या तोंडी आले. मला या गोष्टीचं फार अप्रूप आहे. पुढे जे लिहिलंय त्यात चुका बऱ्याच आहेत आणि त्यातली सगळ्यात मोठी माझी आहे, पण अशाच लॅबमध्ये बसलेल्या एखाद्या शिक्षकाचे आठ दिवस यातून वाचले तर मला बरं वाटेल. मुलांची, शाळेची आणि स्पर्धेची ओळख पटेल असा तपशील वगळला आहे.

स्पर्धा होती काळ्या रेघेवरून धावणाऱ्या रोबोची. संक्रांत झाली आणि मुलं कामाला लागली. फेब्रुवारीच्या सुरुवातीला एका अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या सभागृहात शालेय गटाची फेरी होती. पांढऱ्या फ्लेक्सवर ३० मिलिमीटर रुंदीची काळी रेघ, दोन काटकोनी वळणं, एक नागमोडी भाग, आणि प्रत्येक संघाला दोन संधी.

आमच्या संघात चौघं होती. नववीतला एक मुलगा कोड लिहायचा. त्याच्याच वर्गातली एक मुलगी वायरिंग सांभाळायची. तिचे वडील अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या मागांवर जॉबर आहेत, म्हणजे माग बिघडला की दुरुस्त करणारे. आठवीतल्या दोघांपैकी एकाकडे चाकं, स्क्रू आणि पत्रा, आणि दुसरीकडे नोंदवही.

रोबो साधाच होता. ॲक्रिलिकची चेसिस, १५० आरपीएमच्या दोन पिवळ्या बीओ मोटारी, ६५ मिलिमीटरची चाकं, मोटारींना वीज सोडणारा एल २९८ एन मोटर ड्रायव्हर, अर्डुइनो उनो आणि १८६५० चे दोन रिचार्जेबल सेल. पुढे एका पट्टीवर टीसीआरटी ५००० चे पाच सेन्सर. या सेन्सरमध्ये शेजारी शेजारी दोन डोळे असतात. एक डोळ्याला न दिसणारा अवरक्त प्रकाश सोडतो, दुसरा परत आलेला प्रकाश टिपतो. पांढऱ्यावरून प्रकाश भरपूर परततो, काळ्यावरून कमी. आमच्या मोड्यूलवर, म्हणजे सेन्सर बसवलेल्या तयार पाटीवर, पांढऱ्याला आकडा कमी यायचा आणि काळ्याला जास्त. अर्डुइनो ० ते ५ व्होल्टचे १०२४ भाग करतं, म्हणजे ० ते १०२३. एक आकडा साधारण ४.९ मिलिव्होल्टचा. हा हिशोब लक्षात ठेवा, पुढे सगळं प्रकरण याच्यावरच उलगडलं.

अडचण

टेबलावर ठेवून बघितलं की सगळं छान. पाचही सेन्सर पांढऱ्यावर ३७० ते ३९० दाखवायचे, काळ्यावर ६२० च्या आसपास. हळू चालवला तर रोबो रेघ धरून जायचा. वेग वाढवला की उजवीकडे खेचायचा, आणि दुसऱ्या तिसऱ्या वळणावर रेघ सोडून भिंतीकडे निघायचा.

आणखी एक लक्षण होतं, पण ते आम्ही वेगळं काढलंच नाही. दुपारी चारनंतर रोबो जास्त बिघडायचा. आमच्या लॅबची मोठी खिडकी पश्चिमेला आहे. सोलापूरचं ऊन जानेवारीतही कोवळं नसतं. चारनंतर ते तिरपं आत येतं आणि नेमकं आमच्या ट्रॅकवर पसरतं. मुलं म्हणायची, "मॅडम, संध्याकाळी हा दमतोय." मीही बॅटरी उतरली असेल म्हणून चार्जिंगला लावायला सांगायची.

पहिले आठ दिवस

उजवीकडे खेचतोय म्हटल्यावर पहिला संशय उजव्या मोटारीवर आला. ती मंद असणार. म्हणून दोन्ही मोटारी आपसात बदलल्या. तरीही तो उजवीकडेच गेला. खरं म्हणजे इथेच थांबायला हवं होतं. मोटारी बदलूनही दिशा बदलली नाही, याचा अर्थ दोष मोटारीत नाही. नोंदवहीत त्या दिवशी एवढंच लिहिलंय: "मोटार बदलली. फरक नाही." त्या "फरक नाही" या दोन शब्दांत उत्तराचा अर्धा भाग होता, आणि आम्ही पान उलटलं.

मग सगळा भार कोडवर आला. काळं की पांढरं याची हद्द ठरवणारा आकडा म्हणजे थ्रेशोल्ड. मीच त्या मुलाला म्हणाले, "थ्रेशोल्ड बदलून बघ." त्याने ५०० चा ४८० केला, मग ५२०, मग प्रत्येक सेन्सरला वेगळा. डाव्या मोटारीचा वेग १२ ने कमी केला. तेव्हा जोरात रोबो सरळ जाऊ लागला आणि हळू चालवला की डावीकडे ओढू लागला. सकाळी जमलेलं संध्याकाळी मोडायचं. त्याच्या फाइलची नावं बघितली तर पोटात तुटतं: फायनल, फायनल दोन, फायनल खरा, आता नक्की.

बाकीची तिघं रोज त्याच्या खांद्यामागे उभी राहून म्हणायची, "तुझा कोडच चुकतोय." सहाव्या दिवशी तो आला नाही. सातव्या दिवशीही नाही. आईला फोन केला तर म्हणाली, पोट दुखतंय म्हणतोय. मला कारण ठाऊक होतं.

कोड बदलणं सगळ्यात सोपं असतं. त्याला ना पैसे लागतात, ना डाग द्यावा (सोल्डरिंग करावं) लागतो, ना काही उसवावं लागतं. म्हणून न सापडलेला प्रत्येक दोष शेवटी कोड लिहिणाऱ्याच्या दारात जाऊन पडतो. हे मला त्या आठवड्यात कळायला हवं होतं, कारण "थ्रेशोल्ड बदल" हे वाक्य माझंच होतं.

वळण

आठव्या दिवशी वायरिंगवाल्या मुलीचे वडील तिला न्यायला आले. पाळी संपवून आले होते, अंगावर सुताचा भुरका तसाच. मी त्यांना चहा दिला आणि मुलीने रोबो दाखवला. टेबलावर ठेवून आकडे दाखवले, पाचही सारखे. त्यांनी विचारलं, "हे बंद असताना बघायलीस व्हय?"

ती म्हणाली, "चालू असताना पळतंय ना पप्पा, कसं बघायचं?"

तेव्हा ते माझ्याकडे वळून म्हणाले, "मॅडम, माग बंद असताना समदं बरोबरच दिसतंय बघा. वही, फणी, धोटा, सगळं जागेवर. खोट चालू मागावरच कळती. आम्ही पट्टा चालू ठेवून कान लावतो."

वही, फणी, धोटा हे मागाचे भाग. त्यांना अर्डुइनो माहीत नव्हतं आणि त्याची गरजही नव्हती. आम्ही आठ दिवस उभ्या रोबोचे आकडे वाचत होतो आणि धावत्या रोबोचा दोष शोधत होतो.

मोजमाप

दुसऱ्या दिवशी कोड लिहिणाऱ्या मुलाला मी स्वतः घरी जाऊन घेऊन आले आणि त्याला एकच काम दिलं: कोडमध्ये काहीही बदलायचं नाही, फक्त पाच आकडे छापायचे. रोबो दोन वह्यांवर असा ठेवला की चाकं अधांतरी राहतील आणि सेन्सरखाली पांढरा कागद येईल. मोटारी पूर्ण वेगात सोडल्या आणि चाकं हाताने दोन सेकंद धरली. चाक धरलं की मोटार सर्वात जास्त करंट खेचते, म्हणून हे दोन तीन सेकंदांपेक्षा जास्त करू नका. मोटार आणि ड्रायव्हर दोन्ही तापतात.

आकडे समोर आले. मोटार बंद असताना पाचही ३७० ते ३९०. मोटार चालू आणि चाकं धरलेली असताना डावीकडचे तीन सेन्सर ४२५ ते ४४०, उजवीकडचे दोन ४७० ते ४८५. कागद तोच, उंची तीच, उजेड तोच.

आता खेचण्याचं कारण उघड झालं. आमचा कोड पाचही आकड्यांची तुलना करून रेघ कुठे आहे ते ठरवायचा. उजवीकडचे आकडे वर गेले की त्याला वाटायचं रेघ उजवीकडे आहे, आणि तो इमानेइतबारे उजवीकडे वळायचा. कोड चुकत नव्हता. त्याच्या कानात चुकीचं सांगितलं जात होतं. हे वाक्य मी त्या मुलाला सगळ्यांच्या देखत मोठ्याने ऐकवलं. तो काही बोलला नाही, पण त्यानंतर एक दिवसही चुकला नाही.

मग मल्टिमीटर घेतला. एक टोक अर्डुइनोच्या ग्राउंडला (जिथे व्होल्टेज शून्य धरतात आणि करंट परत येतो), दुसरं सेन्सरच्या ग्राउंड पिनला. या दोन टोकांत शून्य व्होल्ट हवा, कारण कागदावर तो एकच बिंदू आहे. चाकं धरल्यावर डावीकडच्या तीन सेन्सरपाशी ०.२८ व्होल्ट आला, उजवीकडच्या दोघांपाशी ०.४६. मुलीने लगेच भागाकार केला: ०.२८ व्होल्ट म्हणजे ५७ आकडे, ०.४६ म्हणजे ९४. वाढ बरोबर तेवढीच नव्हती, पण त्याच्याच आसपास होती.

मग वायरी एकेक करून मागे नेल्या. बॅटरीची पिन अर्डुइनोच्या गोल जॅकमध्ये होती. मोटर ड्रायव्हरला वीज अर्डुइनोच्या व्हीइन पिनमधून (जिथून बॅटरीची वीज बाहेर घेता येते) दिली होती, आणि त्याचं ग्राउंड ब्रेडबोर्डच्या (डाग न देता वायरी खोचायच्या भोकांच्या पाटीच्या) पट्टीच्या अगदी शेवटच्या भोकात. तीच पट्टी सेन्सरचं ग्राउंड होती, आणि तिथून केसासारखी एकच जंपर वायर अर्डुइनोला जात होती. म्हणजे दोन्ही मोटारींचा परतीचा करंट सेन्सरच्या अंगणातून, त्या एका बारीक वायरीतून घरी जात होता. वायरीला आणि ब्रेडबोर्डच्या सैल झालेल्या क्लिपला थोडा का होईना रोध असतोच. रोधातून दीड अँपिअरच्या आसपास करंट गेला की व्होल्टेज पडतं आणि सेन्सरची जमीन तेवढी वर उचलली जाते. शिवाय सेन्सरमधल्या एलईडीला, म्हणजे प्रकाश सोडणाऱ्या डोळ्याला, तितकंच कमी व्होल्टेज मिळतं, तो मंद होतो, आणि पांढरा कागद काळपट भासतो.

उजवीकडच्या दोघांना जास्त का? मोठ्या ब्रेडबोर्डच्या कडेच्या पट्ट्या बऱ्याचदा मधोमध तुटलेल्या असतात. लाल निळी रेघही तिथे खंडित छापलेली असते, पण ती कोण बघतं. आमच्या मुलांनी तो तुटलेला भाग आणखी एका जंपरने जोडला होता, आणि उजवीकडचे दोन सेन्सर त्या जोडाच्या पलीकडे होते. त्यांच्या वाट्याला दोन्ही जंपरांचं पडलेलं व्होल्टेज येत होतं.

संध्याकाळचा "दमणं" हा प्रकार पूर्ण वेगळा निघाला. उन्हात अवरक्त प्रकाश प्रचंड असतो. तो ट्रॅकवरून उसळून सेन्सरच्या टिपणाऱ्या डोळ्यात शिरत होता, त्यामुळे काळ्या रेघेचा आकडा ६२० वरून ५२० च्या घरात उतरत होता. खिडकीला जाजम लावलं की पुन्हा ६२०. एकीकडे मोटार पांढऱ्याला वर ढकलतेय, दुसरीकडे ऊन काळ्याला खाली ओढतंय. मधे ४० आकड्यांची फट उरत होती, आणि त्या फटीत थ्रेशोल्ड बसवायला आम्ही एका पोराला इतके दिवस बसवलं होतं.

विचारात घेतलेले पर्याय

स्पर्धेला अकरा दिवस उरले होते. फळ्यावर चार पर्याय लिहिले आणि मुलांनीच वाद घातला.

पहिला, आठ सेन्सरची तयार पट्टी मागवायची. नवी पेठेकडची दुकानं पालथी घातली, मिळाली नाही. ऑनलाइन मागवली तर चार पाच दिवस जाणार. आणि जुन्याच वायरींवर नवी पट्टी बसवली असती तर तीही तसंच वागली असती. हा पर्याय लवकर पुसला.

दुसरा, एलडीआरकडे (उजेडानुसार रोध बदलणाऱ्या साध्या सेन्सरकडे) परत जायचं. सुरुवातीला ही मुलं एलडीआर वापरून शिकली होती, म्हणून त्यांना त्याची माया. पण एलडीआरला उजेड अंधाराचा बदल कळायला २० ते ३० मिलिसेकंद लागतात. आमचा रोबो पूर्ण वेगात सेकंदाला अर्धा मीटर जायचा. ३० मिलिसेकंदांत तो १५ मिलिमीटर पुढे गेलेला असणार, म्हणजे रेघेची अर्धी रुंदी. हा हिशोब आठवीतल्या मुलीने केला आणि विषय संपला.

तिसऱ्या पर्यायावर मात्र अख्खा तास गेला, आणि मला अजूनही तो मोहात पाडतो. प्रत्येक मोड्यूलवर एलएम ३९३ हा तुलना करणारा चिप असतो आणि एक छोटा स्क्रू. स्क्रू फिरवून हद्द ठरवली की मोड्यूल थेट "काळा" किंवा "पांढरा" एवढंच सांगतो. ही तुलना मोड्यूलच्या स्वतःच्या ग्राउंडवर होते, आणि हो नाहीच्या निरोपाला पाव अर्धा व्होल्टने फरक पडत नाही. वायरिंगला हात न लावता रोबो दोन दिवसांत पळाला असता. तोट्याच्या बाजूला दोन गोष्टी होत्या. रेघ किती बाजूला गेली हे बारकाईने कळणं बंद होणार, त्यामुळे रोबो झटके देत चालणार. आणि उजेड बदलला की पाच स्क्रू स्क्रूड्रायव्हरने पुन्हा जुळवायचे. तिसरा तोटा मुलीने सांगितला: "मॅडम, मग खोट आतच राहील. पुढच्या वर्षी परत येईल."

चौथा, सगळं वायरिंग उसवून नव्याने करायचं. वेळ जास्त, धोका जास्त, चालतंय तेही मोडण्याची भीती. चौघांपैकी तिघं या बाजूला आले. मी चौथ्याला होकार दिला, पण पाच दिवसांत जमलं नाही तर तिसऱ्यावर यायचं असं ठरवून घेतलं. ती तारीख फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवली, आणि ती लिहिलेली असल्यामुळे कुणी घाबरलं नाही.

काय केलं

आधी विजेची वाट वेगळी केली. बॅटरीच्या दोन्ही वायरी स्क्रूच्या कनेक्टर पट्टीवर आणल्या. तिथून जाड वायरींची एक जोडी थेट मोटर ड्रायव्हरला, आणि वेगळी जोडी अर्डुइनोला. व्हीइन पिनमधून मोटारीला वीज देणं बंद. उनोच्या गोल जॅकमागे एकच डायोड असतो, तो साधारण एक अँपिअरचा. मोटारींचा भार त्याच्यावर टाकायलाच नको होता. सेन्सरचं ग्राउंड आता फक्त अर्डुइनोकडे जातं, मोटारींचं फक्त बॅटरीकडे. दोन्हींची भेट एकाच ठिकाणी, कनेक्टर पट्टीवर. मुलीने याला नाव दिलं "सात रस्ता": सगळे रस्ते एका चौकात, पण एकाची गर्दी दुसऱ्याच्या गल्लीत नाही.

ब्रेडबोर्ड काढून टाकला आणि झिरो पीसीबीवर, म्हणजे डाग देऊन भाग जोडायच्या भोकांच्या बोर्डवर, छोटी पाटी बनवली. सेन्सरसाठी बर्ग स्ट्रिपच्या उघड्या पिनांऐवजी आरएमसी कनेक्टर, कारण ते उलटे बसत नाहीत आणि धक्क्याने निघत नाहीत. पाटीवर वीज जिथे येते तिथे ४७० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. प्रत्येक मोटारीच्या दोन टोकांत "१०४" लिहिलेला सिरॅमिक कपॅसिटर, म्हणजे ०.१ मायक्रोफॅरड, मोटारीच्या ब्रशची कुरकुर तिथेच विझवायला. लाल वायर फक्त ५ व्होल्टला, काळी फक्त ग्राउंडला. हा नियम आधी नव्हता. जुन्या वायरिंगमध्ये हिरवी वायर तीन वेगवेगळ्या कामांना होती.

इथे एक नुकसान झालं. कनेक्टर उलटा बसत नाही हे खरं, पण त्यात तारा भरताना क्रम उलटा होऊ शकतो. एका कनेक्टरमध्ये ५ व्होल्ट आणि ग्राउंडची अदलाबदल झाली. सेन्सर लावला, दहा सेकंदांत तापला आणि गेला. सुदैवाने मुलीने हट्ट धरला होता की सेन्सर एकेक करून लावायचे, एक लावला की मोजायचं, मगच पुढचा. मी म्हणत होते पाचही लावून टाकू, उशीर होतोय. तिचं ऐकलं म्हणून एकच गेला. लॅबमध्ये जादा दोन होते.

सेन्सरचा एलईडी पेटलाय की नाही हे डोळ्यांना दिसत नाही. मोबाइलच्या पुढच्या कॅमेऱ्यातून बघितलं तर जांभळट ठिपका दिसतो. पाच ठिपके पहिल्यांदा एका रांगेत दिसले तेव्हा चौघं एकदम ओरडली.

मग उंची. आमची पट्टी जमिनीपासून १४ मिलिमीटरवर होती. हा सेन्सर २.५ मिलिमीटरवर सर्वात जोरात काम करतो आणि १५ च्या पुढे जवळजवळ आंधळा होतो. फ्लेक्सच्या सुरकुतीला घासू नये म्हणून ५ मिलिमीटरवर थांबलो. पट्टीभोवती सायकलच्या जुन्या ट्यूबचा झालरीसारखा पडदा लावला, उन्हाला अडवायला. एवढ्याने पांढरा ६० वर आला आणि काळा ८०० वर. कुठे २४० ची फट आणि कुठे ७४० ची.

वायरी शेवटी बांधल्या त्या सुताने. मुलीचे वडील पुन्हा आले तेव्हा डाग दिलेले जोड बघून म्हणाले, "जोड घट्ट आहे, पण वायर इथून हलती. इथंच तुटंल." बरोबर होतं. डाग देताना कथील तारेत वर चढतं, तेवढा भाग कडक होतो, आणि कडक आणि मऊ जिथे भेटतात तिथे तार हलून हलून तुटते. त्यांनी खिशातून मेण लावलेलं सूत काढलं आणि प्रत्येक जोडाजवळ वायर चेसिसला बांधून दाखवली. प्लास्टिकच्या टायपेक्षा ते हलकं होतं आणि कुठेही रुतत नव्हतं.

चौथ्या दिवशी पुन्हा चाकं धरून मोजलं. सेन्सरच्या ग्राउंडला ०.०१ व्होल्ट. पाचही आकडे जागेवर. कोड लिहिणाऱ्या मुलाने वेगवेगळे पाच थ्रेशोल्ड खोडले, डाव्या मोटारीचं वजा १२ खोडलं, आणि पहिल्या दिवशीची फाइल परत उघडली. ती जवळजवळ तशीच चालली.

स्पर्धेचा दिवस आणि निकाल

सुरुवातीला रोबो स्वतः पाच सेकंद डावीउजवीकडे फिरून काळ्या पांढऱ्याचे आकडे शिकून घेईल, एवढंच त्याने कोडमध्ये नवं घातलं होतं. सभागृहाचं दार पूर्वेला होतं आणि ट्रॅकचा एक कोपरा दारातल्या उन्हात.

पहिल्या संधीत रोबो सुरेख गेला आणि नेमका त्या उन्हातल्या कोपऱ्यावर रेघ सोडली. पळवून आणला, टेबलावर ठेवला, कुणी कुणाला काही बोललं नाही. नोंदवहीवाल्या मुलीने विचारलं, "शिकत होता तेव्हा आपण कुठं उभे होतो?" आम्ही पाचही जणं त्याच्यावर वाकून उभे होतो. त्याने आमच्या सावलीत ऊन शिकलं होतं. सावलीत काळ्याचा आकडा उन्हातल्यापेक्षा वर बसला होता, आणि उन्हात तो हद्दीखाली घसरला.

दुसऱ्या संधीला सगळे चार पावलं मागे सरले. त्याला उन्हाच्या कडेवर ठेवून शिकू दिलं. पूर्ण फेरी ४१ सेकंदांत, एकदाही हात न लावता. पहिल्या तिघांत नंबर आला नाही. आमच्यापेक्षा वेगवान रोबो होते. पण आदल्या आठवड्यात भिंतीवर आपटणारा रोबो पूर्ण फेरी मारून आला होता, आणि का आला हे चौघांपैकी प्रत्येकाला सांगता येत होतं. परीक्षकांनी वायरिंगबद्दल विचारलं तेव्हा सात रस्ता समजावून सांगायला कोड लिहिणारा मुलगा पुढे झाला.

पुन्हा करायचं झालं तर

पहिला बदल माझ्यातच. दोष सापडेपर्यंत कोडला हात लावायचा नाही, असं पहिल्याच दिवशी सांगेन. आधी आकडे: मोटार बंद, मोटार चालू, चाकं धरून, उन्हात, सावलीत. पाच रकाने, अर्ध्या तासाचं काम. हे रकाने भरले असते तर मोटारीही बदलाव्या लागल्या नसत्या.

दोन लक्षणं एकत्र आली की ती एकाच कारणाची मानू नयेत. खिडकीवर जाजम टाकून बघणं कितीसं कठीण होतं? "संध्याकाळी दमतो" हे मुलांनी पहिल्या दिवसापासून सांगितलं होतं. मी ते मुलांचं बोलणं म्हणून सोडलं, निरीक्षण म्हणून लिहून घेतलं नाही.

तिसऱ्या पर्यायाबद्दल माझं मत आजही पक्कं नाही. स्पर्धेला अकरा दिवसांऐवजी तीन दिवस असते तर मी स्क्रूड्रायव्हरच हातात घेतला असता, आणि ते बरोबरच ठरलं असतं. उसवून नव्याने करण्याचा निर्णय वेळ होता म्हणून परवडला. ज्या संघाकडे वेळ नाही त्याने आमचं अनुकरण करू नये.

सेन्सर जळाला ते टाळता आलं असतं. कनेक्टरमध्ये तारा भरल्यावर सेन्सर न लावता आधी टोकांवर व्होल्टेज मोजायचं, एवढंच. आता लॅबच्या दारावर ते लिहून लावलंय.

आणि तो मुलगा आला नाही ते दोन दिवस. दोष कुणाचा हे मोजल्याशिवाय माझ्या लॅबमध्ये "तुझं चुकतंय" म्हणायचं नाही, असा नियम मुलांनी स्वतः केला. मी त्या मुलाची माफी मागितली. वर्गात, सगळ्यांसमोर, कारण दोषही सगळ्यांसमोरच दिला गेला होता.

यंदा तो दहावीत आहे, म्हणून संघात नाही. पण शनिवारी येतो. उन्हावर पक्का उपाय त्याला हवा आहे: सेन्सरचा एलईडी ट्रान्झिस्टरने चालू बंद करायचा, दोन्ही वेळचे आकडे घ्यायचे, आणि एकातून दुसरा वजा करायचा, म्हणजे उरेल ते फक्त स्वतःच्या एलईडीचं. तयार मोड्यूलमध्ये एलईडी थेट विजेला जोडलेला असतो, म्हणून सुटे सेन्सर घेऊन नवी पाटी बनवायला लागेल. दोन सेन्सर लावून झालेत. चाकं अजून बसवलेली नाहीत, पण आकडे तो मोटार चालू ठेवूनच घेतोय.